कूलर वाढव

होळी झाली की गंगाखेडात माळ्यावरचे कूलर खाली येतात. परवा आमचाही आला. पत्र्याचा, चौकोनी, दोन माणसांनी धरून उतरवावा लागतो असा. त्याच्या पोटातून वर्षभराची धूळ निघते, मागच्या उन्हाळ्याच्या गवताचा भुसा निघतो, कधी वाळून काडी झालेली पाल निघते. टाकीच्या तळाला क्षाराचा पांढरा थर बसलेला असतो, तो खरवडावा लागतो. पंपाच्या तोंडाची जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करावी लागते, कारण ती तुंबली की पंप वीज तेवढीच खातो आणि पाणी मात्र निम्मंच चढवतो. मग नवं गवत भरायचं, पाणी सोडायचं, खटका दाबायचा आणि बाजूला उभं राहायचं. पहिला झोत गरम आणि धुळकट येतो. त्यानंतर ओल्या गवताचा वास येतो. पाण्यात पडलेल्या लाकडासारखा, थोडा मातीचा, थोडा औषधाचा.

मला उन्हाळा या वासाने कळतो. गोदावरीच्या पात्रातली वाळू पांढरी दिसायला लागते, तिच्यावर नजर ठरत नाही, ऊस तोडायला गेलेली माणसं गावाकडे परतायला लागतात, रसवंतीची घुंगरं वाजतात. हे सगळं असतंच. पण वास आला की उन्हाळा घरात आला. आणि वासापाठोपाठ मला एक शब्द आठवतो, त्या शब्दापाठोपाठ एक ठरावीक उन्हाळा. फार जुना नाही. माझी सून नमिता लग्न होऊन आमच्या घरी आली त्या वर्षीचा.

नमिता सातारची. मुलाची नोकरी संभाजीनगरला होती आणि तिथे खोली मिळेपर्यंत ती आमच्याकडे राहायला होती. घरात तेव्हा आम्ही चौघं. मी, माझी बायको सुनंदा, नमिता आणि माझी माय.

त्या वर्षी उन्हाळा सुरू होतानाच माय चुडाव्याला एका लग्नाला गेली. पंगतीला उशीर झाला म्हणून जेवण झाल्या झाल्या, भर दुपारी, ती स्टेशनावर येऊन बसली. गाडी उशिरा आली. घरी पोचली तेव्हा ओट्यावर टेकली आणि पाणी नको म्हणाली. अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. संध्याकाळपर्यंत ती माझ्या वडिलांशी बोलायला लागली, ज्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. दवाखान्यात सलाईन लागलं, बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या, ती वाचली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की या वयात एकदा ऊन लागलं ते निभावलं, पुन्हा लागलं तर निभावेलच असं नाही. पाऊस पडेपर्यंत दुपारी त्यांच्या खोलीत गारवा राहिला पाहिजे. त्यांनी हे ज्या सुरात सांगितलं त्यात घासाघीस करायला जागा नव्हती.

गारवा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे लाईट. त्याच दिवसांत आमच्या गल्लीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. तिच्या जागी दुसरी आली ती लहान होती. सगळ्या घरांचे कूलर सुरू झाले की तिला भार सोसायचा नाही. त्यामुळे जेवणं उरकता उरकता लाईट जायची ती चहाच्या वेळेला यायची. साधारण चार तास. नेमके तेच चार तास, ज्यांत बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. घरात इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी जुनी होती. ती बॅटरी त्या चार तासांत मायचा कूलर ओढते की नाही, एवढाच त्या उन्हाळ्याचा प्रश्न होता.

मी धर्मकाट्यावर नोकरीला आहे. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा बघायचा. माल उतरवून ट्रक परत आला की रिकामा तोलायचा. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे माल. माल कधी सरळ तोलता येत नाही, वजाबाकीनेच कळतो. आयुष्यभर हेच केल्यामुळे मला दुसरी पद्धत सुचली नाही. मी घर तोललं.

विजेच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. घरात जास्त वीज चालू असली की तो भरभर लुकलुकतो, कमी असली की सावकाश. सगळं चालू ठेवून घड्याळ लावून ठिपके मोजायचे, मग एक वस्तू बंद करून पुन्हा मोजायचे. फरक म्हणजे त्या वस्तूचा भार. सुनंदा पोळ्या लाटत विचारायची, की ट्रक रिकामा झाला का अजून. मी नाही म्हणायचो.

हिशेब असा निघाला. बॅटरी चार तास टिकायची असेल तर तिच्यावर अडीचशे वॅटपेक्षा जास्त भार चालणार नव्हता. आणि आमच्या घराचा, फ्रिज सोडून, दुपारचा भार होता दोनशे सत्याऐंशी. त्यात कूलर मंद वेगावर एकशे दहा. दोन खोल्यांचे दोन जुने पंखे, पंचाहत्तर आणि पंचाहत्तर. उरलेले सत्तावीस कुठले ते सापडायला मला वेळ लागला. बारा वॅट टीव्हीच्या डब्याचे निघाले. टीव्ही बंद असला तरी त्या डब्याचा डोळा लाल असतो, तो डोळा काही फुकट जळत नाही. आणि पंधरा वॅट निघाले देवघरातल्या झिरोच्या बल्बचे.

झिरोचा बल्ब घरोघर असतो आणि घरोघर लोकांची समजूत असते की तो झिरो वीज घेतो, म्हणून तर त्याला झिरो म्हणतात. आमचा तांबडा बल्ब देवघरात दिवसरात्र चालू असायचा. मी सुनंदाला पंधराचा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “आता देवालाबी काट्यावर घेतलं का तुमी?” पण तिने स्वतःच तो काढला आणि अर्ध्या वॅटचा बारीक दिवा लावला. देवघर आधीसारखंच तांबडं दिसत होतं. एक जुना पंखा काढून नव्या पद्धतीचा, तीस वॅटचा, मायच्या खोलीत बसवला. टीव्हीचा डबा मुळातून बंद करायचं ठरलं. भार दोनशे पंधराच्या आसपास आला. मला समाधान वाटलं, काट्यावर आकडा जुळला की वाटतं तसं.

बाकीची कामं बॅटरीसाठी नव्हती, गारव्यासाठी होती. स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले. पांढऱ्या स्लॅबवर दुपारी अनवाणी उभं राहता येतं हे मला तेव्हा कळलं. शेजारच्या काळ्या स्लॅबवर पाय ठेवून पाहिला आणि लगेच उचलला. पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट बांधलं. मायच्या खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवायचं ठरलं, कारण कूलरची हवा आत येते तेवढीच बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. हे बऱ्याच जणांना पटत नाही, दार लोटून बसतात आणि कूलरला नावं ठेवतात. फ्रिज सारखा उघडला जाऊ नये म्हणून पडवीत रांजण भरला. नमिता तांदूळ आणि डाळ आधी भिजत घालायला लागली, म्हणजे शेगडी लवकर बंद होऊन स्वयंपाकघर कमी तापतं. सकाळी माय आणि सुनंदा गच्चीवर कुरडया घालायच्या. चुन्याच्या पांढऱ्यावर कुरडयांची पांढरी वेटोळी. त्या वाळवायला कधीच कुणाची वीज लागली नाही.

एवढं करून बॅटरी टिकेना.

चहाच्या वेळेआधीच इन्व्हर्टर किणकिणायला लागायचा आणि कूलर सुस्कारा टाकून थांबायचा. खोली भट्टीसारखी व्हायची. सुनंदा आणि नमिता ओला पंचा घेऊन मायला वारा घालत बसायच्या. मी घर पुन्हा तोललं. आकडा तोच. बॅटरीत पाणी बघितलं, बरोबर होतं. एकदा मला वाटलं बॅटरीच गेली. मी काट्यावर बसून दिवसभर ती वजाबाकी करत होतो आणि कुठेतरी माल कमी भरत होता.

शेवटी सुट्टीच्या दिवशी मी दुपारभर मायच्या खोलीच्या दाराशी बसून राहिलो. लाईट गेली, इन्व्हर्टर लागला. कूलर मंद वेगावर, एकच्या आकड्यावर. नमिता खाली चटईवर पुस्तक घेऊन बसली होती. थोड्या वेळाने माय खाटेवरून म्हणाली, “नमिता, कूलर वाढव गं बाई.”

नमिता लगेच उठली आणि तिने बटन एकवरून तीनवर नेलं. कूलर भणभणायला लागला. माय तिच्याकडे बघत राहिली, मग पदर कानावरून ओढून घेतला. जरा वेळ गेला. माय पुन्हा म्हणाली, “वाढव म्हटलं न्हाई का?”

“आजी, वाढवलाय की. याच्यापुढे आकडाच नाही.”

माय माझ्याकडे वळली. “दिगू, ही पोर लय गुणाची हाय. सांगितलं की उठती. पर हात उलटा हाय तिचा.”

तेव्हा मला सगळं एकदम कळलं, आणि मी हसायला लागलो ते नमिताला बराच वेळ कळेना.

माझी माय नदीपलीकडच्या खेड्यात कंदिलाच्या उजेडात वाढली. तिथे दिवा ‘विझव’ असं कुणी म्हणत नाही. दिवा विझणं अशुभ. झोपायच्या आधी दिवा ‘वाढवायचा’ असतो. ‘दिवा वाढव’ म्हणजे दिवा बंद कर. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. दुकानदार संध्याकाळी दुकान वाढवतो, म्हणजे फळ्या लावून घरी जातो. माझे वडील गेले तेव्हा बायकांनी मायच्या बांगड्या वाढवल्या. जिथे काही संपतं तिथे आमच्याकडे हा शब्द ठेवलेला आहे, वाईट वाटू नये म्हणून. घरात वीज आली तेव्हा मायने तो कंदिलावरून बल्बवर आणला, बल्बवरून पंख्यावर, पंख्यावरून कूलरवर. आम्हाला ते इतकं सवयीचं होतं की कानाला खटकायचं नाही. ती ‘कूलर वाढव’ म्हणाली की सुनंदा ‘हो’ म्हणून कूलर बंद करायची, माय डोळे मिटायची, आणि सुनंदा पाय न वाजवता येऊन पुन्हा चालू करायची. असं त्यांचं चालायचं. पण दुपारी सुनंदा भांडी, वाळवणं बघायची आणि खोलीत नमिता असायची. नमिताला फक्त नारळ ठाऊक होता. माय ‘बंद कर’ म्हणायची आणि नमिता पूर्ण वेगाने सोडायची. तीनवर कूलर एकशे सत्तर वॅट घेतो. माझे दोनशे पंधरा तिथे दोनशे पंचाहत्तर होत होते. ठिपके मोजताना मी कूलर एकवरच धरला होता, त्यामुळे तो आकडा मला दिसलाच नव्हता.

मी समजावून सांगितलं तेव्हा नमिताचा चेहरा उतरला. तिला वाटलं आपण रोज म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाच्या उलट वागत होतो. मायलाही समजावलं. थोडा विचार करून ती म्हणाली, “मला वाटलं, ऐकायची न्हाई पर माझ्यासाठीच करायलीय. म्हणून गप बसले.”

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन शब्द झाले. आपलं वाढव आणि सातारचं वाढव. आपलं म्हणजे बंद, सातारचं म्हणजे जास्त.

पण शब्द सुटला म्हणून प्रश्न सुटला नाही. उलट आता नमितालाही कळत होतं की माय कूलर बंद करायला सांगते. नमिता म्हणाली, “बाबा, मला कळलंच नाही असं समजा आणि मी सातारचंच वाढवते.” सुनंदा म्हणाली, मग बॅटरीचं कोणतं वाढव होणार, आपलं की सातारचं. विनोद बरा होता, पण बॅटरी खरंच जाणार होती. आणि एकवर ठेवलं तर माय बंदच करायला सांगणार, न केलं तर स्वतः उठून बटन फिरवणार. तशी ती एकदा उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. सुनंदाने तिला खाली बसवलं तेव्हा तिचं अंग पुन्हा तापलेलं होतं. डॉक्टरांचं बोलणं त्या क्षणी आम्हा तिघांनाही आठवलं असणार.

मी मायच्या खाटेवर बसलो आणि तिला सरळ विचारलं की कूलर कामून बंद करायचा असतो तुला. गार वाटत नाही का.

“गार वाटतंय की,” ती म्हणाली. “पर तुमी तिकडं घामानं भिजायलाव आन् मी एकटी इथं हवा खायलेय. एका जिवासाठी एवढं जळायलंय. मला झोप येत न्हाई.”

तिच्या लहानपणी घरात एकच कंदील होता. स्वयंपाक, जेवण, गोधडी शिवणं, भावांची उजळणी, सगळं त्या एका कंदिलाभोवती. जिथे कंदील तिथे घर. एका माणसासाठी एका खोलीत दिवा जळतो ही गोष्ट तिला कधी पटली नाही. रिकाम्या खोलीतला पंखा ती बंद करते तेव्हा ती बचत करत नसते. तिला ते विचित्र वाटतं, ताटावर माणूस नसताना वाढून ठेवल्यासारखं.

सुनंदा दारात उभी होती. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “एकटीला खायची नसंल तर पंगत बसवा मग.”

हे ती टोमण्याने म्हणाली होती. पण मी मनात आकडे मांडले. आम्ही सगळे मायच्या खोलीत बसलो तर दुसऱ्या खोलीतला पंचाहत्तरचा पंखा बंद. कूलर पूर्ण वेगावर एकशे सत्तर, खोलीतला नवा पंखा तीस. झाले दोनशे. वेगवेगळ्या खोल्यांत बसून, कूलर कुंथत कुंथत मंद ठेवून होत होते दोनशे पंधरा. एकत्र बसून पूर्ण वेगाने ठेवला तरी पंधरा कमी. मी ते दोनदा मांडून पाहिलं. काट्यावर असा प्रकार सहसा होत नाही, की गाडीत माणसं चढली आणि वजन कमी भरलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की आम्ही तिकडे जाऊ लागलो. सुनंदा चिंच घेऊन यायची आणि चिंचोके काढत बसायची. नमिता पुस्तक आणायची, पण वाचायची कमी. मी काट्यावरून जेवायला आलो की परत जाईपर्यंत तिथेच भिंतीला टेकायचो. गोणपाटातून येणारा उजेड तपकिरी असायचा. ओल्या गवताचा, चिंचेचा आणि मायच्या निलगिरीच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळायचा. माय नमिताला सातारच्या गोष्टी विचारायची, तिकडे उन्हाळ्यात काय पिकतं, तिकडे सासवा कशा असतात. नमिता सासूसमोर काय उत्तर द्यायचं या पेचात पडायची आणि सुनंदा मान खाली घालून चिंचोके फोडायची. कूलर तीनवर भणभणत असायचा. बोलणं जरा मोठ्याने करावं लागायचं, त्यामुळे साध्या गोष्टीही भांडणासारख्या ऐकू यायच्या.

मायने त्यानंतर कूलर वाढवायला सांगितलं नाही. मी वाट पाहत होतो. चहाची वेळ व्हायची, लाईट यायची, इन्व्हर्टर गप्प व्हायचा. खोलीतले उठले, भांडं घेऊन चहाला गेले, की मागून आवाज यायचा, “आता वाढवा.” ते आपलं वाढव असायचं. नमिता बंद करायची, सुट्टीच्या दिवशी मी. तोपर्यंत उन्हं कललेली असायची, त्यामुळे हरकत नव्हती.

तो उन्हाळा मायने काढला.

पुढे गल्लीत मोठी डीपी आली. नमिता संभाजीनगरला गेली. आता दुपारची लाईट क्वचित जाते, त्यामुळे पंगत मोडली. ज्याची त्याची खोली, ज्याचा त्याचा पंखा. घराचा भार वाढला आहे, मी मोजलं. आणि माय दर उन्हाळ्यात थोडी आणखी लहान होत चालली आहे. खाटेवर तिच्या पायाकडे जागा उरते, तिथे पूर्वी उरायची नाही. डॉक्टरांचं ते वाक्य जुनं झालेलं नाही. ती दुपारी एकटी असली की कूलर वाढवायला सांगते, सुनंदा हो म्हणते, बंद करते, पाय न वाजवता पुन्हा चालू करते. माय डोळे मिटून असते. तिला हे कळतं की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही.

काल मी जेवायला घरी आलो तेव्हा सुनंदा शेजारी शेवया करायला गेली होती. मायच्या खोलीत डोकावलो. परवा बसवलेला कूलर एकवर चालू होता, नवं गवत अजून नीट भिजलेलं नव्हतं. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खाटेजवळ गेलो, कपाळाला हात लावला. गरम होतं, पण उन्हाळ्यात असावं इतकंच.

“दिगू,” ती न वळता म्हणाली, “वाढव.”

मी बटनाला हात घातला आणि थांबलो. इतकी वर्षं मी हा शब्द ऐकून हात कुठे न्यायचा हे न विचारता बंद करत आलो होतो. या खेपेला विचारलं, “कोणतं वाढव, माय? आपलं का सातारचं?”

तिने भिंतीवरून बोट फिरवलं.

“सातारचं,” ती म्हणाली.

मी बटन एकवरून तीनवर नेलं. खोलीत तिच्याशिवाय कोणी बसलेलं नव्हतं.